बुडाखालची रेघ

रविवार, ९ मार्च

आज शेडमध्ये मीच ओरडले सगळ्यांवर. कार्यक्रम महिन्यावर आलाय आणि बायका गप्पा मारतायत! पोलादपूरच्या या शेडमध्ये आम्ही सहाजणी, चार वर्षं एकाच भट्टीवर भांडी भाजतो. यंदा आमच्यातल्या ठकूबाईने नवीनच काढलं — आमची बौद्धवाडी आणि तिची वरची वाडी, प्रत्येक घराने आपल्या हाताने एक वाडगा करायचा. भाजून सगळे एका ढिगात. ज्याच्या हाताला जो लागेल त्यात त्याने खीर खायची.

मी म्हटलं, "तुझी माणसं आमच्या हातच्या वाडग्यात खातील गो?"

"मी पहिली खाईन. मग बघू कोण मागे राहतंय."

बोलते बरी!

रविवार, १६ मार्च

माती कमी पडली एवढी माणसं! आमच्या जानूने वाडगा केला की उखळ, कळेना. वरच्या वाडीचा गोमाजी म्हणतो, "जानू, यात भात कांडणार काय रे?" कुणाचा कुठला ते माझी दीक्षा वहीत लिहीत होती. कॉलेजात जाते, अक्षर चांगलं. शेडची चावी ठकूबाईकडे. सुकेपर्यंत वाडगे रोज तीच उलटेपालटे करणार.

मंगळवार, २५ मार्च

भट्टी भरायला घेतली. एक वाडगा पालथा केला — बुडाला खिळ्याने ओढलेली बारीक रेघ. जानूचा. मग सोनाबाईचा. मग माझा! सगळे काढून बघितले. फक्त आमच्या वाडीच्या वाडग्यांना रेघ. वरच्या वाडीच्या एकालाही नाय.

म्हणजे कुठला उचलायचा नाय ते आधीच ठरलेलं.

चावी एकीकडेच हाय.

बुधवार, २६ मार्च

तोंडावर बोलले. सगळ्यांसमोर. "चार वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस, आणि माझा वाडगा तुझ्या माणसांच्या हाताला लागू नये म्हणून खूण केलीस?"

तिने रेघ बघितली. माझ्याकडे बघितलं. हात धुतले, चावी चाकावर ठेवली आणि गेली. खोटं असतं तर भांडली असती. भांडायला काय कमी हाय ती!

शुक्रवार, ४ एप्रिल

भट्टी उघडली. एकही तडकला नाय. तिच्या चाकावर कुणी बसेना.

रविवार, १३ एप्रिल

झाला कार्यक्रम. ढिगाजवळ दीक्षा, एकेक वाडगा निवडून देत होती. गोमाजीला कुठला दम! मधेच हात घालून जानूचं उखळ उचललं. "वाडगा एवढा आणि खीर एवढीशी? घाल गो अजून!" मग सगळेच ढिगात घुसले. बूड कुणी बघितलं नाय. कुणी म्हणजे कुणी नाय.

हातातला वाडगा मी खाली ठेवला. वरच्या वाडीला खूण माहीतच नाय, तर मग केली कुणासाठी?

ठकूबाई आली नाय.

मंगळवार, १५ एप्रिल

रेघा दीक्षाच्या. रडत रडत बोलली. भट्टी भरायच्या आदल्या दिवशी ठकूबाईकडून चावी मागून घेतली होती तिने. "आपले आपल्यातच वाटणार होते, आई. तुझा वाडगा कुणी सारून ठेवला असता तर तुला सोसलं नसतं."

म्हणजे रेघ बघितली तेव्हाच ठकूबाईला कळलं. पोरीचं नाव घेतलं नाय.

तशीच उठले. वरच्या वाडीला चढून गेले. पहिल्या घराशी थांबले आणि विचारावं लागलं — ठकूबाईचं घर कुठलं?