या वेळी मोजणी चुकलेली नाही

प्रिय लुमताई,

हे पत्र फादर आवांच्या हाती देतेय. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि माझ्या नावाचं पाकीट दारातूनच परत जाईल हे मला ठाऊक आहे. त्यांना सांगितलंय, "ती चिडली तर चिडू द्या, पण वाचून होईपर्यंत उठू नका." तेव्हा ते समोर बसलेले असतील. त्यांना निदान कोलाची एक बी फोडून दे.

परवा मी तुमच्या तळ्यावर होते. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी आले नाही. सुहभाऊजी काठच्या राफियाच्या झाडावर चढून ताडी उतरवत होते. मला बघून तोंड फिरवतील असं वाटलं होतं, ते वरूनच ओरडले, "काय मॅडम, आज तरी फुटणार का तळं?" खालची माणसं खो खो हसली. माझ्या दोघी विद्यार्थिनींनी माना खाली घातल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

आठवतं, आई न्योस गावाची गोष्ट सांगायची? तिकडच्या तळ्यातून वायू बाहेर पडला आणि झोपलेली गावंच्या गावं उठली नाहीत. तू कान झाकून घ्यायचीस आणि मी म्हणायचे, पुन्हा सांग. "हिला भीतीसुद्धा पुरत नाही," असं तू म्हणायचीस. त्या गोष्टीपायीच मी विद्यापीठात पोचले, तळ्यांचा अभ्यास शिकले, शिकवायला लागले. गावात कौतुक झालं. आणि सहा वर्षांपूर्वी यंत्रानं दाखवलं की आपल्या तळ्याच्या तळाशी मुरलेला वायू वाढतोय. मी एकदाच मोजलं, ताई. घाबरले होते हे खरं, पण रेडिओवर बोलायची हौसही होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चारशे माणसं भर पावसात डोंगरावरच्या तंबूंत गेली, तिथल्या गढूळ पाण्यानं पटकी पसरली, आणि तुझी सिरी गेली. चार वर्षांची. नंतर यंत्र उघडलं तर आत पाणी शिरलेलं. तळं ठणठणीत होतं. तिला पुरताना तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "कुठं फुटलं गं तुझं तळं?" त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही बोलले नसते.

आता नीट वाच. या खेपेला चार वेळा मोजलं, तीन निराळ्या यंत्रांनी. आकडे जुळतात. दोनशे मीटर खालून बाटली वर काढली तर झाकण हातात ठरेना. हलवलेली बिअर उघडावी तसं पाणी फसफसून अंगावर आलं. तळाचं पाणी गेल्या वर्षापेक्षा गरम झालंय. आणि उत्तरेचा कडा, जिथून आपण उड्या मारायचो, त्याला हात जाईल एवढी भेग पडलीय. तो पाण्यात कोसळला की खालचं सगळं ढवळून वर येणार. हा वायू दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, उतारानं वाहत जातो. तुमचं घर उतारावरच आहे.

विभागप्रमुखांकडे गेले. म्हणाले, "मांका, एकदा हात पोळलेत तुझे. परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल येऊ दे. तीनच आठवडे." मी विचारलं, "आणि कडा तीन आठवडे थांबला नाही तर?" ते म्हणाले, "तर आपण घाई केली असं कुणी म्हणणार नाही." परवानगीशिवाय बोलायचं नाही, असं लेखी पत्रही हातात दिलं. तिथून तशीच तुमच्या राजेसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, हुकूम मी देईन. माझ्या हुकमानं माणसं दाराबाहेर येतील, पण डोंगर चढणार नाहीत. एकदा तू त्यांना चढवलंस."

त्यांचं ते वाक्य ऐकून मी हे लिहायला बसले. माफी मागण्यासाठी नाही. ती मागायची माझी लायकी नाही. शुक्रवारी भर बाजारात उभी राहून मी सगळं सांगणार आहे, त्या हौसेसकट. नोकरी जाईल, जाऊ दे. पण माझ्यामागून कुणी येणार नाही. ज्या बाईनं त्या तंबूत लेक गमावली, ती जर धाकटीला पाठीशी बांधून, डोक्यावर गाठोडं घेऊन डोंगर चढायला लागली, तर गावात एकही माणूस मागं राहणार नाही. जगात हे मी तुझ्याकडेच मागू शकते, आणि तुझ्याकडेच मागायचा मला हक्क नाही. फादरांच्या मिशननं वर स्वच्छ पाण्याच्या टाक्या नेल्यात; एकेक झाकण उघडून मी स्वतः ते पाणी पिऊन पाहिलंय. सोबत आकड्यांचा कागद आहे, फादर समजावून सांगतील. नाही पटलं, तर चारचौघांत माझ्या तोंडावर सांग, मी ऐकून घेईन. पटलं, तर माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस. नुसती चालायला लाग.

तुझीच,
मांका