खिंडीच्या अलीकडे

४ सप्टेंबर

पाच-सहा-सात! म्हणजे पाचला उठा, सहाला चहा, सातला बस. या सहलीच्या मॅनेजरच्या हातात माईक आला की थांबतच नाही. मला जन्मात कुणी इतकं पळवलं नव्हतं, सासूनेसुद्धा नाही.

सीटा रोज एक रांग पुढे सरकतात. आज आम्हांला दुसरी रांग. खिडकी वहिनींची. थोरली जाऊ म्हटल्यावर विचारायचं कामच नाही! एका बाजूला उघडेबोडके डोंगर, दुसऱ्या बाजूला खूप खोलवर नदी. सगळे "वा, वा" करतायत. आम्ही दोघी खरं कशासाठी आलोय ते बसमध्ये कुणालाच माहीत नाही.

५ सप्टेंबर

लिहूनच टाकते. खिंडीपलीकडच्या दरीवर पूल बांधतायत. तिथे तो क्रेन चालवतो. वहिनींचा मुलगा. जन्म दिलाय मी.

मला आधीची दोन होती, वहिनींना एकही नाही. हा झाला आणि महिन्याचा असताना मीच त्यांच्या मांडीवर ठेवला. एकाच घरात तर होतो सगळे. तो त्यांना आई म्हणायचा, मला काकू. मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण चाललं होतं. मोठा झाल्यावर कुणा आगाऊ नातेवाइकाने खाजवून खरूज काढली, त्याला सगळं सांगितलं. "मला दोन आया नकोत, एकही नको," म्हणाला आणि बॅग उचलून गेला. सहा वर्षं झाली. दोघींचाही फोन उचलत नाही. पुलाचं त्याच्या एका मित्राकडून कळलं.

या सहलीच्या कार्यक्रमात तो पूल आहे. खिंड ओलांडली की लगेच, "फोटोसाठी अर्धा तास". त्या अर्ध्या तासासाठी आलोय. त्याला कळवलेलं नाही. कळवलं असतं तर त्या दिवशी हमखास गायब झाला असता.

६ सप्टेंबर

वहिनींचं डोकं दुखतंय. जेवल्या नाहीत. म्हणे थंडीने.

७ सप्टेंबर

पहाटेपासून चार वेळा ओकल्या. डोळ्यांखाली सूज. मी मॅनेजरला सांगायला निघाले तर दारात आडव्या आल्या.

बसमध्ये नवीन नियम. बोटाला चिमटा लावून सगळ्यांचा ऑक्सिजन बघायचा. आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला तर त्या माणसाला खिंड नाही, लगेच खाली न्यायचं. आणि बस एकच, तेव्हा एक परतला की सगळेच परतले. "तेव्हा मंडळी, श्वास घ्या!" सगळे हसले.

वहिनींनी शालीखाली माझा हात धरला. "तुझं बोट दे."

"वेड लागलंय का तुम्हांला?"

"दे गं. पाया पडते तुझ्या."

पाया पडते! मला! इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी पाण्याचा पेला मागितला तरी हुकूम केल्यासारखा मागितला.

आधी माझं उजवं बोट. मग वहिनींच्या शालीतून बाहेर आलं तेही माझंच, डावं. मॅनेजरची नजर आकड्यावर, बोट कुणाचं ते कोण बघतो! "वहिनी, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट!" माईकवरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

८ सप्टेंबर

दुपारीच खिंडीच्या पायथ्याशी पोहोचलो. विश्रामगृह कसलं, लाकडी खोकं! नळ गोठलेला, दाराला कडी नाही, म्हणून खुर्ची लावलीय. उद्या सकाळी खिंड.

आज सकाळीही बोट दिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर त्यांचा मुलगा जातो, न सांगावं तर त्या जातात. आणि बोट मी त्यांच्यासाठी दिलं की माझ्यासाठी? कागदापासून काय लपवायचं. मलाही त्याला बघायचंय. तो हसला की डावा गाल अजून तसाच वर जातो का, ते बघायचंय. मघाशी त्या खोकत होत्या तेव्हा मनात आलं — या नसत्या तर तो माझा झाला असता. आलं आणि गेलं. पण आलं! शी!

खोकल्यात पाणी वाजतंय. काय करू? काय करू मी?

८ सप्टेंबर, बसमध्ये

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

वहिनी उठल्या, भिंत धरून चालायला लागल्या. मला म्हणाल्या, "हे जेवले का? ताट झाकून ठेव." भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली! मी म्हटलं, जेवले. मग म्हणाल्या, "बाळ रडतंय गं. घे जरा, तुझ्याकडे लवकर गप्प होतं."

मी जिना उतरून पळत गेले. सगळे सूप पीत बसले होते. सगळ्यांसमोरच म्हटलं, "ते बोट माझं होतं. दोन्ही दिवस."

वर येऊन वहिनींच्या बोटाला चिमटा लावला. अठ्ठेचाळीस. मॅनेजरने तो झटकून पुन्हा लावला. अठ्ठेचाळीसच. त्याचा आवाज पहिल्यांदाच बसलेला ऐकला. बसमधलं ऑक्सिजनचं नळकांडं काढलं, ड्रायव्हर ताट सोडून उठला. एक बँकवाले काका म्हणाले, "म्हणजे आमची दरी गेली?" त्यांच्या बायकोने असं काही बघितलं की गुपचूप कोट घालायला गेले.

बस वळली आणि नेमक्या वहिनी भानावर आल्या. "पूल तिकडे आहे. कुठे चाललीस मला घेऊन?" माझा दंड असा धरला की वळ उठलेत. "तुला तो मला भेटू द्यायचाच नव्हता. मेलीस तू मला!"

त्यानंतर बोललेल्या नाहीत. आता डोळेही उघडत नाहीत. वळणं संपतच नाहीत. ड्रायव्हरदादा, हाणा! हाणा!

९ सप्टेंबर

चार खाटांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई लहानखुरी, पण बोलायला खमकी. "काल सकाळी आणायला हवं होतं." वहिनींच्या फुप्फुसात पाणी झालंय. शुद्ध नाही.

वर जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर ड्रायव्हर पुलावर त्याला निरोप पाठवतोय. "काय सांगू?" म्हणाला.

"सांगा, काकूने सांगितलंय, आई फार आजारी आहे."

"काकू म्हणजे कोण?"

"मी."

१० सप्टेंबर

कुणी आलं नाही. शुद्ध नाही. बाकीची मंडळी खालच्या हॉटेलात गेली, मॅनेजर बाकावर बसल्या बसल्या झोपलाय.

मी देवाला कधी काही मागत नाही, मला ते जमत नाही. आज मागितलं. तो नाही आला तरी चालेल. यांना नेऊ नकोस. मला शिव्या घालायला दुसरं कोण आहे?

११ सप्टेंबर

सकाळी आला. केसांत, भुवयांत सिमेंटची धूळ. माझ्याकडे बघितलं, आत गेला आणि त्यांचा हात धरून बसला तो दुपारपर्यंत.

दुपारी वहिनींनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघत राहिल्या. "पोहोचलो का रे आम्ही?"

"पोहोचलीस, आई."

मग मागे वळून मला म्हणाला, "काकू, तू बस जरा. केव्हाची उभी आहेस."

बसले.