दोन वाजताची कूस

४ जानेवारी
आज विट्यात रुजू झालो. सैन्याच्या इस्पितळात बावीस वर्षं रुग्णसेवा केली, निवृत्त होऊन वडूजला आलो आणि तीनच महिन्यांत बायकोच्या लक्षात आलं की मी घरात फार दिसतो. म्हणून ही नोकरी. मालक मानसिंगराव, कोईम्बतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान. दोन वर्षांपूर्वी गाडी उलटून मणका मोडला. सांगलीला पट्टी-स्क्रू बसवले, पण कमरेखाली काही कळत नाही. बंगला ऐसपैस, चहा घट्ट, माझी खाट मालकांच्याच खोलीत. खूश आहे.

काम एवढंच : दर दोन तासांनी कूस बदलायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या वेळेच्या घरात सही करायची. नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी सडते. सकाळी आरसा धरून मालकांची पाठ बघितली. दोन वर्षं अंथरुणात, आणि एक डाग नाही! एवढी साफ पाठ माझीही नाही.

६ जानेवारी
ही करामत माझ्या आधीच्या नाथाजीची. ऑक्टोबरात दुपारी दोनची कूस बदलली, सही केली, याच खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. आता जेवताना नाथाजी, अंघोळीला नाथाजी. "नाथाजीचा हात म्हंजे कापूस रं, तानाजी. तुझा म्हंजे ट्रकचा जॅक," इति मालक. मेल्यावर एवढी बढती सैन्यातसुद्धा देत नाहीत.

मधले महिने कूस बदलणाऱ्या मालकीणबाई चंद्राबाईंनीही भर घातली. नाथाजी म्हणायचा म्हणे, "या घरात डाग मालकाच्या पाठीवर पडणार न्हाई. चुकार माणसाच्या पाठीवर पडंल." सांगताना हसल्या, पण बघत होत्या माझ्याकडे.

११ जानेवारी
दोनला गेलो तर मालक आधीच डाव्या कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी, माझ्यापेक्षा नीट लावलेली. चंद्राबाई बाजारात. मालकांना विचारलं, कुणी वळवलं? म्हणाले, तूच की, आज हात लय मऊ लागला. आठ दिवसांतलं पहिलं कौतुक, तेही दुसऱ्याचं. सही मात्र मी ठोकली.

१६ जानेवारी
रोज दोनला हेच. घाबरायला हवं, कळतं. पण मला भीतीच्या आधी राग येतो. मेलेला माणूस माझ्या हातचं काम पळवतो आणि मालक खुशीत शीळ घालतात. जळतोय मी. लिहायला लाज कसली?

१८ जानेवारी
केलं. बाराला मालकांच्या माकडहाडाखाली चुंबळ सारली, घागरीखालची, कापडाची. कड रुतते, मधलं रक्त अडतं. हे कधीच करू नका, असं नव्या पोरांना मीच शिकवत आलो. मालकांना कळलंही नाही. दोनला नाथाजीला कूस बदलू द्यायची नाही म्हणून पलंगाला चिकटून बसलो, चारपर्यंत हललो नाही. एक लाल डाग हवा. मग तो मी बरा करणार, आणि बघू नाव कुणाचं निघतं. दोनच्या घरात खोटी सही केली.

चारला वळवलं तेव्हा चुंबळ तिथं नव्हती.

१९ जानेवारी
मालकांची पाठ कोरी.
चुंबळ माझ्या खाटेत सापडली. मी झोपतो तिथंच, मधोमध.

२० जानेवारी
आरसा स्वतःच्या पाठीमागे धरला. माकडहाडावर लाल गोल, चुंबळीएवढा. दाबून बघितला. पांढरा पडत नाही, म्हणजे कातडी सडायला लागली. बोटाला पाठ लागते — पाठीला बोट नाही.

२२ जानेवारी
पाय उचलत नाहीत. चंद्राबाईंनी सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. उद्या चारला गाडी येणार.
माझ्या खाटेवरही तक्ता टांगलाय. वर माझं नाव. चंद्राबाई म्हणतात, आमी न्हाई लावला.

२३ जानेवारी
दहाला मला कुणीतरी वळवलं. बाराला पण. खांद्याला हात लागला — कापूस. मालक खोटं बोलत नव्हते.

दोन वाजले. मालकांची कूस बदलली. उशी लागली. ते शीळ घालतायत.
माझं काय —
माझ्या तक्त्यात दोनच्या घरात सही आहे. माझीच, वळणासकट. माझी कूस बदलून झाली असं धरून तो परत मालकांच्याच —
नाथाजी, अरे इकडं —
चारच्या घरातही माझीच सही. सहाच्याही. आठच्या —