व्हेज कढईचा पहारा

४ नोव्हेंबर, मंगळवार

अखेर बाबूलाल नमला! गल्लीच्या तोंडाशी त्याची बेकरी, बाहेर चायनीजचा गाडा. ज्या कढईत गोबी मंचुरियन, त्याच कढईत अंडा राईस — गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्या माझ्यासारख्या लिंगायत माणसानं डोळ्यांदेखत हे चालू द्यायचं? चार लोक जमवून आवाज चढवला. आजपासून व्हेजची कढई वेगळी. दांड्याला हिरवा पट्टा.

पण पट्ट्यावर विश्वास कुणी ठेवावा? रोज संध्याकाळी स्वतः जाऊन बसणार. गल्लीचं काम आहे, कुणीतरी करायलाच हवं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बसलो. चायनीज मास्टर म्हणजे करजगीचा धुळाप्पा. चीन कुठं आहे विचारलं, तर "सोलापूरच्या पल्याड असंल की अप्पाजी," म्हणून खुशाल हसतो. पाटीवरचा ड्रॅगन थेट घोरपड. इकडचा झारा तिकडं जातोय असं दिसलं की मी खाकरतो. आज बराच खाकरलो.

बाबूलालनं चहा दिला, सोबत बेकरीतला पिवळा केक. कागद सोडवून चहात बुडवला. हा एक जिन्नस मात्र जमलाय गड्याला! सात्त्विक, पोटाला हलका.

७ नोव्हेंबर

दोन केक खाल्ले. पहारा चोख.

१० नोव्हेंबर, सोमवार

नागरत्ना — माझी एकुलती लेक — म्हणाली, "अप्पा, रोज कामून जायलाव तिथं? घरी चहा न्हाई का?" धर्माची गोष्ट हिला काय सांगायची!

पण पोरगी खुशीत आहे. हुमनाबादच्या महेशकुमारचं स्थळ जवळजवळ पक्कं. कारखान्यात नोकरी, घराणं आपल्यातलं. तो पाहून गेल्यापासून ही भाकरी थापताना गुणगुणते. तिची आई गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. माझंही जेवण दोन घासांवर आलं होतं. ऐकून फार बरं वाटतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अनर्थ! केक बुडवत होतो, तर समोरच्या बाकावर कारखान्याच्या कामानं गावात आलेला महेशकुमार! पुढ्यात अंडा राईस! मला पाहून उठला आणि "नमस्कार अप्पाजी" म्हणाला — चमचा हातात तसाच!

"अंडं?" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"व्हय जी. ड्यूटीवर डब्यात बी नेतो. तुमच्यापासून लपवायचं कामून?"

निर्लज्ज! केक संपवला, तडक घरी आलो आणि त्याच्या वडलांना फोन करून स्थळ मोडलं.

नागरत्नानं दारातून ऐकलं. मला ताट वाढलं आणि आत गेली.

१७ नोव्हेंबर

गुणगुण बंद. पण तत्त्व ते तत्त्व!

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बेकरीच्या मागच्या दारी रिक्षातून अंड्यांचे ट्रे उतरत होते. एकावर एक, छातीइतके! अंडा राईसची गिऱ्हाइकं मोजकी. मग एवढी अंडी जातात कुठं? माझ्या व्हेज कढईत! केक हातात घेऊनच ओरडत सुटलो. गल्ली गोळा झाली.

बाबूलाल गोंधळला. "कढईत कामून टाकू अप्पाजी? ही समदी केकला लागत्यात. तुमी रोज खाताव की."

धुळाप्पाचा झारा थांबला. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तोंडात घास होता. थुंकावा की गिळावा कळेना.

गिळला.

२१ नोव्हेंबर

नागरत्नाला सगळं सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "मला म्हाईत होतं अप्पा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोललीस का न्हाई? स्थळ मोडलो तवा तरी?"

"आई गेल्यापासून तुमी मनानं तेवढं एकच खायलालाव. ते कसं तोडू?"

उद्या पहिल्या बसनं हुमनाबादला जातो.