मी आक्काचं नाव घेतलं

अश्विन शु. १०, शके १८४०
दसरा. सोनं वाटाले कोनी निंगालं नाई. मानमोडीच्या तापानं गल्लीत रोज तिरडी. मोठ्या जाऊबाई गेल्या, मागोमाग त्यांचे दोनी पोरं. आता माह्या सखूले ताप. माही ननंद गोदाक्का तिच्या उशाशीच, कपाळावर ओली पट्टी ठेवत. नवरा गेल्यावर आक्का आसेगावाहून माहेरी आली, तवापासून सखू तिचीच. मले अक्षरंबी तिनंच शिकवले.

शु. १२
भासरे, ह्याईचे मोठे भाऊ, शेलूबाजाराकडून भगत घेऊन आले. त्यानं आंगनात तांदूळ फेकले. "करनी घरातल्याच बाईची हाये." आंगन मानसाईनं भरेल. सारे आमच्या दाराकडं पाहत. घरात आता बाया दोनच. आक्का अन् मी.

शु. १३
हे मले गोठ्यात घेऊन गेले. "आक्काचं नाव घे. मसनाकडं जाताना पायली म्हन. नाईतर लोकं तुह्यं घेतील."
"सख्खी बहीन हाये ते तुमची!"
"सखूले माय पायजे का नाई?"
सांजेले भगतानं विचारलं. मी हो म्हनलं. आक्का हातात ओली पट्टी घेऊन उभी. नुसती माह्याकडं...

पौर्णिमा
भासऱ्याईनं तिले वावरातल्या खोपडीत कोंडलं. पाठची बहीन, तरी सोताच्या हातानं कुलूप लावलं. अन्नपानी द्याचं नाई, भगताचा हुकूम.
सखूचा ताप उतरला. लोकं म्हनतात, पा, खरं निंगालं. आता खोटं होतं म्हनू तरी कसं.

वद्य १
सरपनाच्या निमित्तानं गेली. कुडाच्या फटीतून पान्याची वाटी सरकवली. आतून आवाज वळखू येत नोता.
"सखू कशी हाये?"
"उतरला ताप."
"बरं झालं माय. मैने, कुलूप काढ. मलेबी ताप हाये."
किल्ली भासऱ्याईजवळ. पन दगड पायाशीच होता. फोडता आलं असतं कुलूप. उचलला नाई. घरी आली, भाकरी थापल्या.

वद्य ३
खोपडी रिकामी. कुलूप तसंच, मागचा कुड फाटेल. नाल्यापर्यंत घसटत गेल्याच्या खुना, पुढं काई नाई. भासरे म्हनाले, "सुटलो." हे दिवसभर बैलं धूत बसले. धुतलेलेच पुन्हा.

वद्य ५
सखूले पुन्हा ताप. दुपारी विहिरीवरून आली तं तिच्या कपाळावर ओली पट्टी. घरात कोनी नोतं.
"कोनं ठेवली गं?"
"आक्कानं."
जिती असंल तं पाय धरीन तिचे. मेली असंल तं...
नाई सहन होत. उद्या सांगून टाकीन.

वद्य ६
पारावर गेली, साऱ्याईसमोर. "मी खोटं बोलली. आक्काले कुठंच पायलं नोतं. ह्याईनं सांगतलं म्हनून नाव घेतलं." हे मान खाली घालून बसेल.
भासरे उठले. "हे मैना नाई बोलत. गोदी बोलून राह्यली हिच्या तोंडातून."
केसाले धरून आनली. माजघरात घातली, बाहेरून कडी. सखूले वसरीत नेलं. तिचं कन्हनं इथपर्यंत ऐकू येते. भगताले आनाले मानूस गेला.
हे दाराबाहेरच हायेत. फटीतून पाय दिसतात.
"अवो, मी हाये. मैना. कडी काढा ना, लेकरू रडून राह्यलं."
पाय हालले नाईत. मंग आवाज आला, कापरा.
"खरं सांग. कोन हायेस तू?"