कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो, त्याविषयी

३ जानेवारी

चि. छोट्या मिस्त्रीला बाबांचे आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालतो. जावईबापूंना नमस्कार सांग. थंडी बरी आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे, तो आता घरातला एक माणूसच झाला आहे.

पत्र पाहून दचकू नकोस. दोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस आणि मग मीही तो करायचा सोडला, म्हणून कागदावर लिहायची पाळी आली. काम तसं क्षुल्लक आहे. तू जोडून दिलेला कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो आणि आपला आपण पुन्हा चालू होतो. मी टाइप करत असतो, पडदा काळा होतो, पंखा एक उसासा टाकतो आणि साहेब पहिल्यापासून सुरू. लिहिलेलं सगळं गेलेलं असतं.

तू म्हणशील, बाबा आणि टाइप? वर्कशॉपच्या जुन्या वह्या उतरवून घेतोय. कुठल्या मोटरला कोणत्या जाडीची तार, किती वेढे, सगळं. एका बोटाने चाललंय, पण चाललंय. चौथी वही निम्मी तुझ्या अक्षरात आहे. तुझे एक आणि नऊ अजून सारखेच दिसतात, त्यामुळे एका पंपाला मी नव्वद वेढे द्यायच्या जागी दहाच देऊन बसलो होतो.

तर आतापर्यंत केलं ते असं. आतली धूळ ब्लोअरने काढली, ती एवढी निघाली की आईने मला डब्यासकट जिन्यात हाकललं. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पंखा बदलला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं आणि वर माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, आता वय झालं." कॉम्प्युटरचं म्हणत होता असं मी समजून घेतलं. यूपीएसची बॅटरी कधीच मेली, त्यामुळे तो थेट भिंतीतल्या सॉकेटवर आहे.

काय तपासायचं राहिलं ते दोन ओळींत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा

१७ जानेवारी

चि. छोट्या मिस्त्रीला आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मागितल्या होत्या दोन ओळी, आली एकच. "वेळा लिहा. नुसतं मधूनच म्हणू नका."

हे वाक्य माझंच आहे की ग! गिऱ्हाईक मोटर आणून टाकायचं आणि सांगायचं, मधूनच बंद पडते. मी म्हणायचो, मधूनच म्हणजे किती वाजता ते सांग, नाहीतर घेऊन जा परत. तू तेव्हा स्टुलावर बसून तारेचं बंडल सोडवत हे ऐकत असायचीस. आता ते मलाच ऐकवलंस. मी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढीशी ओळ, किती वेळा वाचाल?" आणि कार्ड माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा वाचलं.

मग वही केली. वर्कशॉपात असायचे तेच रकाने: वेळ, दोष, कारण, उपाय. आठ दिवसांत सव्वीस नोंदी झाल्या. सगळ्या सकाळी अकरा ते बाराच्या आत. अकरा आठ, अकरा तेरा, अकरा एकवीस, असं. दुपारी तीन तास चालू ठेवून बघितला, हूं की चूं केलं नाही. गुरुवारी एकदाही नाही. रविवारी मात्र आहे, म्हणजे कुठल्या कारखान्याच्या लोडचा प्रश्न नसावा. इमारतीचा पाण्याचा पंप सातला लागतो आणि लिफ्टला काही घड्याळ नाही. गुरुवारी घरात काय वेगळं असतं याचाही विचार केला. आई गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जाते, एवढंच. तिच्या गुडघ्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? कारणाचा रकाना कोराच आहे.

आता एक कबूल करतो. वह्या उतरवतोय हे खरं, पण दुपारी. सकाळी अकराला आई आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते, पाठ टेकते म्हणते, तेव्हा मी तुला पत्र टाइप करत असतो. तीनदा अर्ध्यावर पोचलो आणि तीनदा ते गेलं. पहिल्या वेळी चडफडलो. तिसऱ्या वेळी, खरं सांगू, जरा सुटल्यासारखं वाटलं. त्या पत्रात एक वाक्य लिहायचं आहे आणि ते मला जमत नाही. हातानेही जमत नाही, हे तू बघतेच आहेस.

तेव्हा सध्या दोषाबद्दलच बोलू. पुढे काय तपासू?

बाबा

२ फेब्रुवारी

चि. छोट्या मिस्त्रीला अनेक आशीर्वाद.

तुझं दुसरं कार्ड आलं. "घरची वायरिंग बघा." मला राग आला. मनात म्हटलं, ती मी केली आहे. चार दिवस कार्ड उलटं करून ठेवलं आणि त्या चार दिवसांत बिचाऱ्या कॉम्प्युटरची केबल बदलली, सॉकेट बदललं. स्वतःच्या हातचं सोडून सगळं तपासलं.

पाचव्या दिवशी टेबलावरचा दिवा लावून समोर नुसता बसून राहिलो. अकरा वाजून नऊ मिनिटांनी दिवा क्षणभर मंद झाला आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर गेला. म्हणजे घरातच कुणीतरी मोठा लोड टाकत होतं. उठलो तर गरम कापडाचा वास आला. वास तुझ्या खोलीतून येत होता. दार ढकललं.

आई तुझ्या टेबलावर चादर घालून इस्त्री करत होती. इस्त्री तापली की आतला स्विच वीज तोडतो, गार झाली की जोडतो. तो जोडतानाच माझा कॉम्प्युटर बंद पडत होता. मी "सापडलं!" म्हणून ओरडायच्या बेतात होतो, तेवढ्यात इस्त्रीखाली काय आहे ते दिसलं. माझ्या तळहाताएवढं झबलं. बाजूला घड्या घातलेली आणखी आठ-दहा, आपल्या जुन्या मऊ चादरींची.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"अजून कुणाचं नाही. एप्रिलमध्ये होईल."

तुझ्या खुर्चीत बसलो. "मला का नाही सांगितलंस?"

"तिनंच सांगू नको म्हटलं. बाबा म्हणतील, बघ, मी म्हणालो होतो ना."

"मी असं म्हटलं असतं?"

आईने इस्त्री उभी केली. "दोन वर्षांपूर्वी म्हणालातच की. सगळ्यांसमोर."

म्हणालो होतो. ते शब्द मला पाठ आहेत, पण तू ते माझ्या अक्षरात वाचावेस म्हणून लिहितो. वर्कशॉपची किल्ली माझ्या पुतण्याच्या हातात देताना, तीन कारागीर आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मी म्हणालो, "मुलगी उद्या संसारात, पोराबाळांत अडकेल. मग शटर कोण उघडणार?" बारा वर्षं तू माझ्याबरोबर तारा गुंडाळल्यास. लग्नानंतरही रोज पहिली येत होतीस. जळलेल्या मोटरचा नुसता वास घेऊन कुठली कॉइल गेली ते सांगायचीस, जे मला आजही येत नाही. तू ॲप्रन काढून खिळ्याला अडकवलास आणि गेलीस. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल.

दुपारी शिडी लावली. हॉलच्या आणि तुझ्या खोलीच्या मधल्या दारावर जंक्शन बॉक्स आहे. तू सहावीत असताना तुझ्या टेबलासाठी मी तिथून लाइन ओढली होती, तीच हॉलच्या सॉकेटलाही जोडलेली. झाकण उघडलं तर न्यूट्रल तारेचा स्क्रू बोटाने फिरत होता. तार काळी पडलेली, प्लास्टिक वितळून चिकटलेलं. आणखी काही महिने अशीच इस्त्री चालली असती तर घर पेटलं असतं. आणि त्या दिवशी टॉर्च धरून कोण उभं होतं, आठवतंय का? तू म्हणाली होतीस, "बाबा, हा स्क्रू अजून फिरतोय." मी म्हणालो होतो, "माझ्या हातचं काम तपासायचं नसतं."

सडलेला तुकडा कापला, नवा जोड दिला, दोनदा आवळला, मग आईला हाक मारून तिच्याकडून तिसऱ्यांदा आवळून घेतला. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं!" पण आवळला मात्र जोर लावून. इस्त्री आणि कॉम्प्युटर आता एकत्र चालतात. कारणाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. उपायाच्या रकान्यात जोड बदलला एवढंच लिहून भागलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात गेलो.

तेच तीन कारागीर होते. गिऱ्हाईक एकच होतं, पण त्यालाही थांबवून घेतलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "ही किल्ली माझ्या मुलीची होती. मी तिच्यावर अन्याय केला आणि तो याच जागी उभं राहून केला." पुतण्या मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, दुखावला. तर तो म्हणतो, "काका, रागावू नका. अवघड मोटर आली की मी ताईलाच फोन लावतो. मोटरजवळ फोन धरतो, ती आवाज ऐकून सांगते. मला कुठं एवढं येतंय?"

म्हणजे आईशी तू बोलतेस, पुतण्याशी बोलतेस, मोटरशीसुद्धा फोनवर बोलतेस. सगळ्या लाइनी चालू, माझीच तेवढी तुटलेली. सुरुवातीला वाईट वाटलं. मग जिना चढताना हसू आलं, आणि नंतर फार बरं वाटलं, की तू कामावर रागावली नाहीस, फक्त माझ्यावर रागावलीस.

पुतण्याने आणखी एक सांगितलं, ते निरोप म्हणून लिहितो, गळ म्हणून नाही. तुला परत यायचं असेल तर तो आनंदाने तुझ्या हाताखाली काम करेल. त्याने तसं तुला कधी म्हटलं नाही, कारण त्याला वाटलं मला आवडणार नाही. तू तिथे ज्या कारखान्यात नोकरी करतेस तिथे रमली असशील तर तिथेच राहा. ते तुझं तू ठरव, आणि या वेळी कुणी मध्ये बोलणार नाही.

आता मुख्य. आई वीस तारखेला तुझ्याकडे यायला निघते. मी विचारलं, मी येऊ का? ती बॅग भरता भरता म्हणाली, "मला काय विचारता? जिला विचारायचं तिला विचारा." म्हणून विचारतो आहे. तीन वेळा कॉम्प्युटरने अडवलेलं वाक्य हेच: मी चुकलो, मला माफ कर, आणि मी येऊ का? नको म्हणालीस तर आईला गाडीत बसवून घरी परतेन आणि पुन्हा विचारण्याएवढा वेळ जाऊ देईन. ये म्हणालीस तर हत्यारांची पेटी न घेता येईन.

शटर कोण उघडणार, हा प्रश्न मी तुला सोडून बाकी सगळ्यांना विचारला होता. शटर तूच उघड, इथलं किंवा तिथलं, सकाळी नऊला, नेहमीसारखं. तेवढा वेळ बाळाला मी घेऊन बसेन. मला वेळच वेळ आहे आणि मांडी अजून शाबूत आहे.

बाळाचा आजोबा व्हायची परवानगी मागणारा,
तुझा बाबा