टेम्पो सुरू का होत नाही

बाबा,

टेम्पो सुरू होत नाही यात तुमची चूक नाही. तुम्ही तो डिझेलऐवजी खाद्यतेलावर चालेल असा केलात, पण बंद करण्याआधी पाच मिनिटं डिझेलवर चालवायचा, नाहीतर तेल थंडीने नळीत घट्ट होतं, हे तुम्ही शंभरदा बजावलंत. काल मी चिडून तसाच बंद केला आणि तुम्ही विचारल्यावर धडधडीत खोटं बोलले. सकाळपासून तुम्ही "आता हातात कसब राहिलं नाही" म्हणताय आणि मी नुसती आत-बाहेर करतेय. तोंडावर सांगायचं धाडस होईना.

तुम्ही हत्यारं विकायला भंगारवाल्याला बोलवायला गेलात, तेवढ्यात निघाले. नळ्यांवर गरम पाणी ओता. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा. हत्यारांची पेटी मी कामावर नेतेय.

चाळीस वर्षं कशी उचललीत हो ही?

— चिमणी